थांबराव आणि ओली पानं

या गोष्टीतली पहिली चूक गोष्ट सांगणाऱ्याचीच आहे, तेव्हा ती आधी उरकून घेतलेली बरी. थांबरावांच्या भाच्याने, म्हणजे ज्याने हे लिहायला घेतलंय त्यानेच, तीन भल्या माणसांना ओमाहा नावाचा पत्त्यांचा खेळ शिकवला आणि तो चुकीचा शिकवला. खेळ तसा सरळ आहे. प्रत्येकाच्या हातात चार पानं. टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात, आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. दर वेळी पैज लागते, आणि अखेरीस ज्याची पाच पानांची जुळणी भारी त्याने ढीग उचलायचा. यात एक अट असते. हातातली बरोबर दोनच पानं धरायची आणि टेबलावरची तीन. भाच्याने नेमकी हीच अट गाळली. "कुठलीही पाच धरा, घरातल्या घरात काय," म्हणून मोकळा झाला. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना न वाचता उत्तरं लिहीत सुटायची सवय त्याला गावच्या शाळेत लागली होती, ती अशी उपयोगी पडली.

दोन वर्षं दर रविवारी दुपारी लाँड्रीच्या मागच्या खोलीत हा नवाच खेळ चालला. मग भाचा एकदा दुसरीकडे खेळायला गेला, तिथे हसं करून घेतलं आणि परत येऊन मान खाली घालून खरं काय ते बोलला.

"म्हणजे दोन वर्षं आम्ही खेळलो तो खेळ कुठला होता रे?" कंपाउंडरांनी विचारलं. हे पलीकडच्या औषधांच्या दुकानात पुड्या बांधायचे, आणि बोलायला लागले की पुडी सुटलीच म्हणून समजा.

"घरगुती," भाचा म्हणाला.

"घरगुती औषधासारखा. गुण नाही, पण मन रमतं. आणि परवा मी बदामाची पाच पानं लावून तुझ्या मामाचा ढीग ओढला, तो?"

"तो तुमचा नव्हता. तुमच्या हातातली तीन लागली होती."

"घ्या. आता मला चोर ठरवलं."

"राहू द्या हो," थांबराव म्हणाले. ढीग त्यांचा गेला होता, पण समजूत तेच काढत होते.

"जुनं कुणी उकरायचं नाही," लाँड्रीवाल्या बाई पत्ते गोळा करत म्हणाल्या. "ते सगळं धुऊन निघालं. आजपासून हातातली दोन." लाँड्री त्यांची, टेबल त्यांचं, तेव्हा विषय संपला.

टेबल म्हणजे इस्त्रीचं टेबल. जाड घोंगडी, वर पांढरी चादर, कडेला इस्त्रीचा एक जुना तपकिरी डाग. पैसे लावायला बाईंची सक्त मनाई, म्हणून प्रत्येकाने आपापल्या वाटीतली बटणं लावायची. लोकांच्या कपड्यांतून गळलेली, कुणी मागायला न आलेली बटणं बाई एका काचेच्या बरणीत साठवायच्या. शर्टाचं बटण साधं, पँटचं त्याहून मोठं, आणि कोटाचं सगळ्यात भारी. कोटाच्या बटणांत एक होतं गडद तपकिरी, चार भोकांचं. ते थांबरावांच्या कोटाला तंतोतंत जुळणारं होतं. त्यांच्या कोटाचं दुसरं बटण कधीचं तुटलेलं. बाई म्हणायच्या, "लावून देते एकदा." ते म्हणायचे, "घाई नाही." दोघंही इतकी वर्षं आपापल्या शब्दाला जागली होती.

थांबराव हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हे, कंपाउंडरांनी ठेवलेलं. ज्याला पैज लावायची नसेल त्याने "थांबलो" म्हणायचं, अशी टेबलाची रीत होती. थांबरावांच्या हातात काहीही येवो, ते थांबायचे. त्यातून धंद्याने लिफ्ट मेकॅनिक. सबंध आयुष्य त्यांनी उंच उंच इमारतींत लिफ्ट थांबवण्यात घालवलं होतं. "चालवायला काय, मोटर चालवते," ते सांगत. "थांबणं महत्त्वाचं. दोन बोटं वर थांबली की म्हातारं माणूस ठेचकाळतं, दोन बोटं खाली थांबली की बाळाची गाडी अडकते. लिफ्ट आली कधी आणि थांबली कधी हे आतल्या माणसाला कळता कामा नये." त्यांची लिफ्ट खरंच अशी थांबायची. आतली माणसं बोलत बोलत बाहेर पडायची. त्यात मेकॅनिकचा काही हात असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही, आणि थांबरावांना त्याचाच आनंद. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तेलाच्या वासात बसून, दोरांचा आवाज ऐकत, डब्यातली पोळी खाणं यापलीकडे त्यांना फारसं काही लागायचं नाही.

फारसं नाही, पण एक लागायचं. ते सांगायला ते स्वतः तयार नव्हते, मात्र त्यांचे शर्ट सांगत होते. आठवड्याचे सगळे शर्ट ते एकदम लाँड्रीत टाकत नसत. आज एक, परवा एक, असे टाकत. शर्ट परत यायचे तेव्हा कॉलर कडक, ग्रीसचे डाग गायब, आणि निखळायला आलेलं बटण न सांगता पक्कं झालेलं. कोटाचं तेवढं सोडून.

"मामा, लग्नाचं विचारून टाका ना बाईंना," भाचा एकदा म्हणाला होता. तो नोकरीला लागल्यापासून मामांच्याच खोलीवर राहायचा.

"हात चांगला असला की दाखवू नये," मामा म्हणाले.

पत्त्यांतही त्यांचं हेच चालायचं. तीन राजे जमले तरी "थांबलो". मग बाकीचे फुकटात पुढची पानं बघायचे, कुणाची एका रंगाची पाच जमायची, कुणाची ओळीने पाच, आणि तीन राजे तोंड पाडून बसायचे. दोघंच खेळणारे असले तर कधी हे खपून जातं. ओमाहात प्रत्येकाच्या हातात चार पानं, त्यातून दोन-दोनच्या कितीतरी जोड्या निघतात. आत्ता भारी असलेला हात पुढच्या पानाला पालापाचोळा होतो.

बाईंनी याला आपल्या धंद्यातला शब्द दिला होता. पुढच्या पानाने ज्यांच्यावरचा डाव पालटू शकतो अशी टेबलावरची पानं म्हणजे ओली, आणि ज्यांचं आता काही बरंवाईट व्हायचं नाही ती वाळलेली. "एकाच रंगाची दोन पडलीत, शिवाय ओळीतली," त्या म्हणायच्या, "ओलीचिंब आहेत हो. कुणीतरी इस्त्री फिरवा." आणि थांबराव म्हणायचे, "थांबलो."

हे असंच चाललं असतं, पण बाईंच्या भावाने गडबड केली. त्याचं लांबच्या शहरात तयार कपड्यांचं दुकान होतं. बहिणीने एकटीने वाफेत उभं राहण्यापेक्षा आपल्याकडे यावं, गल्ल्यावर बसावं, पोरांच्यात राहावं, असं त्याने सुचवलं. वाईट काहीच नव्हतं त्यात. बाईंनी ते शर्टाच्या बाह्या दुमडता दुमडता थांबरावांना सांगितलं.

"तो येतोय पुढच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी. तेव्हा हो की नाही ते सांगायचं. हो म्हटलं तर लाँड्री देऊन टाकायची."

एवढं बोलून त्यांनी शर्टाची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. घडी आधीही नीटच होती. थांबरावांना तेवढं दिसलं. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं, आणि बाहेर पडलं ते असं:

"बघा. नीट विचार करा. घाई काय आहे."

संध्याकाळी ही हकीकत कळल्यावर कंपाउंडरांनी कपाळाला हात लावला. "घाई काय आहे म्हणालात? अहो, ती बाई दारात उभी राहून विचारतेय, आत येऊ का, आणि तुम्ही तिला वेळ किती झाला ते सांगताय."

"तसं काही विचारलं नाही त्यांनी."

"पाटी लावून विचारतात का असलं?"

त्या रात्री थांबराव बराच वेळ कुशीवर वळत राहिले. सकाळी चहा पिता पिता भाच्याने पत्त्यांचा जोड काढून गादीवर पानं मांडली. लग्नाचं बोललं की मामा उठून जायचे, पत्त्यांचं बोललं की बसायचे, एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं.

"हे बघा. तुमच्याकडे तीन गुलाम. या घडीला तुमच्या वर कुणी नाही. पण टेबलावर दोन इस्पिकची पानं आहेत. तुम्ही थांबलात की इस्पिकवाल्याला पुढचं पान फुकट. उलट तुम्ही जड पैज लावलीत, तर त्याला एक तर पानं टाकावी लागतील, नाही तर बघण्याचे पैसे मोजावे लागतील. दोन्हीत तुमचं भलं."

"आणि तरी इस्पिक आलं तर?"

"आलं तर आलं. तुम्ही तर बरोबरच खेळलात."

थांबरावांना हे पटलं, आणि पटलं की ते पुरतं पटायचं. त्या रविवारी त्यांनी पहिल्याच डावात, राजा आणि सत्तीच्या साध्या दोन जोड्यांवर, समोर तिघं बोलायचे असताना, अर्धी वाटी बटणं ढकलली. पानं ओली होतीच. बाईंनी शांतपणे त्याच्या दुप्पट लावली. मागे फिरायची लाज वाटून थांबरावांनी उरलेली वाटीही रिकामी केली. बाईंकडे तीन सत्त्या होत्या.

"आज लिफ्ट थेट तळघरात," कंपाउंडर म्हणाले.

खेळ आटोपल्यावर बाकीचे गेले, थांबराव वाट्या आवरायला मागे राहिले. बाईंनी उद्याच्या कपड्यांवर पाणी शिंपडायला घेतलं होतं.

"तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय, ओलं दिसलं की फिरवा इस्त्री," त्या म्हणाल्या.

"भाच्याने."

"तरीच. अहो, आधी हात लावून बघायचं. हे बघा," त्यांनी एक झब्बा त्यांच्या हातात दिला. "हा भिजलेला आहे. याच्यावर इस्त्री टेकवली तर नुसती वाफ होईल आणि चुण्या तशाच. हा दुसरा दमट आहे. याला आत्ताच घ्यायचा, वाळला की मग कितीही रेटा, सरळ होत नाही. तुमच्या त्या दोन जोड्या पहिल्या झब्ब्यासारख्या होत्या. समोर त्याहून भारी हात असणार, आणि आपल्याला वर चढायला पायरी नाही. तिथे थांबला असतात तर तुमचं कमी गेलं असतं."

"आणि दुसऱ्यासारखं कधी असतं?"

"आपला हात आत्ता सगळ्यांत वर आहे हे माहीत असतं. आणि पुढचं पान आलं की तो तसा राहीलच असं नाही, हेही माहीत असतं. तेव्हा थांबू नये माणसाने," बाई म्हणाल्या आणि झब्बा परत घेतला. मग जरा वेळाने, पाणी शिंपडतच, "सोमवारी येतोय तो. उद्याच्या नव्हे, त्याच्या पुढच्या."

थांबराव खोलीवर आले ते सगळा रस्ता स्वतःशी पुटपुटत. त्या आठवड्यात त्यांनी एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली. आतल्या आजीबाईंनी दार उघडल्यावर त्यांना विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" नोकरीतली त्यांची ही पहिलीच अशी चूक, आणि तीही आजीबाईंनाच कळली.

मग तो रविवार उजाडला. थांबरावांनी कोट घातला होता. दिवस उकाड्याचा होता, तरी घातला. दुसऱ्या बटणाच्या जागी लोंबणारा धागा त्यांनी आदल्या दिवशी कात्रीने कापला होता.

"कुणाचं लग्न?" कंपाउंडरांनी विचारलं, आणि भाच्याने टेबलाखालून त्यांना लाथ मारली.

बराच वेळ काही विशेष घडलं नाही. बाई जिंकत होत्या, हरत होत्या. त्या दिवशी हरत जास्त होत्या, कारण लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जात होतं. मग भाच्याने पानं वाटली आणि थांबरावांनी आपली चार पानं हळूच उचलून पाहिली. दोन नव्व्या, एक राजा, एक राणी. टेबलावर पहिली तीन पानं उघडली: बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी आणि किल्वरची चौकी.

तीन नव्व्या. या घडीला याच्या वर हात असूच शकत नव्हता. चौकी एका टोकाला पडल्यामुळे ओळीने पाच अजून कुणाची जमलेली नव्हती, एका रंगाची पाचही नाहीत. पण पानं कशी होती? बदामाची दोन. अठ्ठी-नव्वी चिकटून. दश्शी आली, सत्ती आली, गुलाम आला, कुठलंही बदाम आलं की नव्व्यांचं कौतुक संपलं. एवढी दमट पानं थांबरावांनी या टेबलावर पाहिली नव्हती.

"थांबलो," कंपाउंडर म्हणाले.

"थांबले," बाई म्हणाल्या.

"थांबलो," भाचा म्हणाला आणि सवयीने पुढचं पान उघडायला हात नेला, कारण मामा काय म्हणणार हे ठरलेलंच होतं.

"हात मागे घे," थांबराव म्हणाले. "मी थांबत नाही."

त्यांनी ढिगात जेवढी बटणं होती तेवढीच मोजून पुढे सरकवली. कंपाउंडरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पानं टाकली. "माझ्याकडे बदाम होती," ते म्हणाले, "पण हा माणूस बोलला म्हणजे काहीतरी भयंकर आहे." भाच्यानेही टाकली. बाईंनी थांबरावांकडे पाहिलं, आपल्या पानांकडे पाहिलं, आणि बटणं भरली.

चौथं पान पडलं इस्पिकची दुर्री. कुणाच्याच कामाची नाही. आता एकच पान यायचं राहिलं.

थांबरावांनी आपली सगळी वाटी उचलली आणि ढिगाजवळ ठेवली.

"सगळी," ते म्हणाले. "आणि बाई, आणखी एक. अजून एक पान यायचंय, म्हणून आत्ताच बोलतो. उद्या भाऊ येईल. त्याला काही सांगायच्या आधी एवढं लक्षात घ्या, की मी विचारलंय. तुम्ही इथेच राहावं, आणि माझ्याबरोबर राहावं, म्हणून विचारलंय. हे आधीच विचारायला हवं होतं."

भाच्याने हातातलं पत्त्यांचं पुडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

बाईंनी आपली वाटी उलटी केली. "एक कमी पडतंय," त्या म्हणाल्या. "कोटाचं. उधार ठेवा."

"ठेवलं."

"मग उघड रे पान."

चौकटची तिर्री. कोरडी ठणठणीत. थांबरावांनी दोन नव्व्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी गुलाम, दश्शी आणि सत्ती ठेवली, आणि टेबलावरच्या नव्वी-अठ्ठीकडे बोट दाखवलं.

"ओळीने पाच," त्या म्हणाल्या.

थांबरावांनी मान हलवली. "जिंकलात."

"कुठल्या जिंकल्या?" कंपाउंडर ताडकन म्हणाले. "हातातली तीन लावलीत बाई. हा त्या पोराचा जुना खेळ झाला. हातातली दोनच. ढीग थांबरावांचा."

"विसरलेच," बाई म्हणाल्या.

पण अट बदलल्यापासून ज्या एकदाही चुकल्या नव्हत्या त्या बाईच होत्या. कंपाउंडरांना चार वेळा त्यांनीच धरलं होतं. थांबरावांच्या चेहऱ्यावर हा विचार फिरताना बाईंनी पाहिला असावा.

"बघताय काय? माझं काही जमलेलं नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा थांबताय का, तेवढं बघायचं होतं. त्यासाठी वाटी गेली तर गेली."

"आणि दुसऱ्याचं काय?" थांबरावांनी विचारलं. "मी विचारलं त्याचं?"

बाईंनी पत्ते गोळा केले, ठोकून सारखे केले, आणि टेबलावर ठेवले.

"थांबले," त्या म्हणाल्या.

भाच्याला क्षणभर वाटलं, पैज नको म्हणतायत. कंपाउंडरांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला तेव्हा कळलं. "गाढवा, इथेच राहतायत त्या," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले, जो मघाशीच पुसला होता.

सोमवारी भाऊ आला. त्याला चहा मिळाला, नीट इस्त्री केलेला स्वतःचा शर्ट मिळाला, आणि नकार मिळाला. तो थोडा रुसला. मग थांबरावांनी त्याच्या दुकानाच्या इमारतीतल्या लिफ्टबद्दल तासभर चौकशी केली. कुणालाही माणूस भला आहे हे पटायला तेवढं पुरतं. जाताना तो म्हणाला, "दाजी, तिकडे आलात की तेवढं बघून द्या, चौथ्या मजल्यावर दचकते ती." दाजी शब्द ऐकून थांबराव इतके गोंधळले, की बसपर्यंत त्याची पिशवी आपल्याच हातात घेऊन गेले आणि तशीच परत घेऊन आले. पिशवी मागाहून पोचवावी लागली.

लग्न साधंच झालं, चार माणसांत, सह्या करून. खेळ अजून रविवारी होतो. थांबराव अजूनही बऱ्याचदा थांबतात, पण आता कुठे थांबायचं ते पाहून थांबतात, आणि त्यामुळे ते जेव्हा बटणं ढकलतात तेव्हा कंपाउंडर ताबडतोब पानं टाकतात, असा एक नवाच घोटाळा झालाय. भारी हात आला तरी त्यांना कुणी काही देत नाही.

राहिलं ते कोटाचं एक बटण. तपकिरी, चार भोकांचं. बरणीत ते आता नाही. बाईंनी ते कधी काढून घेतलं आणि कुठे ठेवलं हे कुणालाच माहीत नाही. थांबराव दर रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी आठवण करतात.

"तेवढं उधार राहिलंय तुमच्याकडे."

"देते हो," बाई म्हणतात आणि पानं वाटायला घेतात. "घाई काय आहे."